तुमच्याच विजयातून उठलेला प्रतिस्पर्धी

टेबलावर तीन चेंडू. एकात झाडापाल्याचं बळ असलेला प्राणी, दुसऱ्यात आगीचा, तिसऱ्यात पाण्याचा. आग झाडाला जाळते, पाणी आगीला विझवतं, झाड पाणी पिऊन टाकतं. प्रोफेसर ओक आधी तुम्हाला निवडायला सांगतात आणि शेजारी चुळबुळत उभ्या असलेल्या आपल्या नातवाला थांबवतात. तुम्ही आगीचा चारमँडर उचललात की तो पाण्याचा स्क्वर्टल उचलतो. तुम्ही स्क्वर्टल घेतलात तर तो बल्बसॉर घेतो. तुमच्यावर भारी पडेल नेमका तोच. आणि प्रयोगशाळेच्या बाहेर पाऊल टाकायच्या आत लढायला उभा राहतो.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’च्या पहिल्या गेममधला हा प्रसंग जगभरातल्या एका अख्ख्या पिढीने खेळलेला आहे. पुढची कितीतरी गावं, गुहा, लढाया लोक विसरले, पण ही निवड विसरले नाहीत. त्या मुलाचं सगळं मन त्या एका कृतीत आलेलं आहे. त्याला स्वतःला कोणता प्राणी आवडतो हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. बहुधा त्यालाही ते कधी कळलेलं नसतं. त्याने निवड केली ती तुमच्या हाताकडे बघून.

कथाप्रधान गेममधले प्रतिस्पर्धी मला त्यातल्या नायकांपेक्षा अधिक खिळवून ठेवतात. नायकाच्या जागी बहुतेक वेळा खेळणारा स्वतःच असतो, त्यामुळे त्याचं मन लेखकाला अर्धं रिकामं ठेवावं लागतं. प्रतिस्पर्ध्याचं मन मात्र पूर्ण लिहावं लागतं, आणि ते लिहायला गेमकडे संवादांखेरीज आणखी एक साधन असतं: नियम. तो कोणते डाव टाकतो, कुणाला सोबत घेतो, कुठे आधी पोचतो, कुठे मुद्दाम वाट अडवून उभा राहतो, यातून तो कळतो. आणि यातले जे प्रतिस्पर्धी खरोखर मनात घर करून राहतात, ते बहुधा खेळणाऱ्याच्याच एखाद्या जुन्या विजयातून जन्मलेले असतात. कसे, ते पुढे सांगतो. त्यासाठी काही गेमचे शेवट उघड करावे लागतील. ज्यांना ते स्वतः खेळून गाठायचे आहेत त्यांनी हा लेख नंतर वाचावा.

खलनायक आणि प्रतिस्पर्धी यांची गल्लत फार होते. खलनायकाला जे हवं असतं ते आपल्याला नको असतं: जग जाळणं, सिंहासन बळकावणं, लोकांना गुलाम करणं. तुम्ही जन्माला आला नसतात तरी त्याचा बेत तोच राहिला असता. प्रतिस्पर्ध्याला तेच हवं असतं जे तुम्हाला हवं आहे, आणि तुम्ही नसतात तर त्याला ते इतकं हवं झालं नसतं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. आपण स्वतःला कुणाशी ताडून पाहतो, तर जो आपल्यासारखाच आहे त्याच्याशी, हे त्यातलं एक मुख्य म्हणणं. गल्लीत क्रिकेट खेळणारा मुलगा सचिन तेंडुलकरवर जळत नाही, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलावर जळतो.

गॅविन किल्डफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघांच्या नोंदींवरून दाखवलं की वैर कुणामध्येही पेटत नाही. दोन संघ जवळपासचे असावे लागतात, तुल्यबळ असावे लागतात, आणि त्यांच्यामागे एकमेकांशी खेळलेल्या सामन्यांचा इतिहास असावा लागतो. पुढे २०१४ साली किल्डफने लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या शर्यती अभ्यासल्या. ज्या शर्यतीत आपला नेहमीचा प्रतिस्पर्धी धावत असे, त्यात धावपटू दर किलोमीटरला जवळपास ५ सेकंद जास्त वेगाने धावत. जवळीक, साम्य आणि इतिहास हे तिन्ही धागे ‘पोकेमॉन’च्या लेखकांनी पहिल्या दहा मिनिटांत गुंफले होते. तो मुलगा तुमचा शेजारी आहे, तुमच्याच वयाचा आहे, आणि प्रोफेसर ओक स्वतःच सांगतात की तुम्ही दोघं अगदी लहानपणापासून एकमेकांशी स्पर्धा करत आला आहात. हे सांगताना त्यांना आपल्या नातवाचं नाव आठवत नाही. ते तुम्हाला विचारतात, तुम्ही ठेवाल ते त्याचं नाव.

ही गेमची एक सोय आहे, खेळणाऱ्याला नाव ठेवता यावं म्हणून केलेली. पण गोष्टीच्या आत ती सोय राहत नाही. सख्ख्या आजोबांना ज्याचं नाव आठवत नाही, असा तो मुलगा होऊन बसतो. आईवडील गोष्टीत कुठे दिसत नाहीत. एक थोरली बहीण आहे, ती तुम्हालाच नकाशा देते. आणि आजोबा जगातले नावाजलेले पोकेमॉन-तज्ज्ञ. आता त्याचं पुढचं सगळं वागणं या प्रकाशात पाहा. तो ठिकठिकाणी तुमच्याआधी पोचतो आणि तुमची वाट पाहत थांबतो. कुणाकुणाला भेटलो, किती प्राणी पकडले, हे ऐकवतो. सिल्फ कंपनीची अख्खी इमारत गुंडांच्या टोळीने ताब्यात घेतलेली असते, लोक ओलीस असतात, आणि हा मधल्या एका मजल्यावर तुमच्याशी लढायला उभा असतो. त्या टोळीचं त्याला काही देणंघेणं नाही. तो दुष्ट आहे असं यातून ठरत नाही. त्याचं लक्ष जगात एकाच माणसावर आहे, एवढंच ठरतं.

शेवटी तो तुमच्याआधी चॅम्पियन होतो. आयुष्यभर हवं होतं ते त्याला मिळतं, आणि थोड्याच वेळात तुम्ही येऊन हरवता. आजोबा धावत येतात, पण अभिनंदन करतात ते तुमचं. त्याला ते सांगतात की तू हरलास, कारण आपल्या प्राण्यांना प्रेमाने आणि विश्वासाने वागवायला विसरलास. लहानपणी हे वाक्य उपदेश वाटून जातं. मोठेपणी पुन्हा खेळताना ते फार कठोर वाटतं. ज्याला कुणी प्रेमाने वागवल्याचं आपण पाहिलं नाही, त्याला ते हरल्याच्या क्षणी, जिंकणाऱ्यासमोर सुनावलं जातं.

एक गोष्ट चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाते. जहाजावरच्या लढाईत या मुलाकडे रॅटिकेट नावाचा एक उंदीर असतो. पुढची भेट होते ती मेलेल्या पोकेमॉनच्या समाध्या असलेल्या मनोऱ्यात, आणि तेव्हा रॅटिकेट त्याच्या टीममध्ये नसतो. मागच्या लढाईत तुमच्या हातून तो दगावला आणि मुलगा त्याला पुरायला तिथे आला, असा अर्थ लोकांनी लावला. गेम कुठेही तसं म्हणत नाही, निर्मात्यांनीही तसं सांगितलेलं नाही, आणि टीम बदलत राहणं हा खेळाचा साधा भाग आहे. तरीही हा अर्थ सुचला, टिकला आणि देशोदेशी पसरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. खेळणाऱ्यांना आतून वाटत होतं की आपण इतक्या सहज जिंकत गेलो त्याची किंमत कुणीतरी मोजली असणार.

तीन वर्षांनी, १९९९ साली आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये हीच शंका खरी ठरते, जरी ते उलगडायला पुढे आणखी दहा वर्षं गेली. या गेममधला लाल केसांचा मुलगा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरून आत पाहत उभा असतो. त्याला कुणी निवडायला बोलावलेलं नाही. म्हणून तो चोरतो, आणि चोरतोही तोच प्राणी जो तुमच्यावर भारी आहे. दुबळ्यांचा त्याला तिटकारा, आपल्या प्राण्यांशी तुसडेपणा, आणि गुंडांच्या ‘टीम रॉकेट’बद्दल धुमसता राग. हे एकटे असताना काहीच नसतात, घोळक्यात आले की शूर होतात, असं त्याचं म्हणणं. हा राग कुठून आला, हे २००९ साली आलेल्या नव्या आवृत्त्यांमध्ये एका आडवाटेच्या प्रसंगातून कळतं. तो टीम रॉकेटच्या प्रमुखाचा, जोव्हानीचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी एका पोराकडून हरल्यावर जोव्हानीने टोळी मोडली आणि मुलाला मागे सोडून निघून गेला.

तो पोरगा म्हणजे पहिल्या गेमचा नायक. म्हणजे तुम्ही. १९९६ची गेम ज्याने खेळली त्याने जोव्हानीला हरवून बिल्ला खिशात घातला आणि पुढच्या गावाला निघाला. त्या विजयापलीकडे एक मुलगा उभा होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. शक्तिमान समजलेला बाप एका लहान मुलाकडून हरला, हे पाहिलेल्या मुलाने दुबळेपणाचा द्वेष करावा आणि घोळक्याचा तिरस्कार करावा, यात न समजण्यासारखं काय आहे?

पण त्या मुलाचं बदलणं ज्या रीतीने दाखवलं आहे, ते मला या सगळ्या मालिकेतलं सर्वात सुंदर लेखन वाटतं, आणि त्यात एक शब्दही नाही. त्याच्याकडे गोल्बॅट नावाचं वटवाघूळ असतं. गोल्बॅटचं रूपांतर क्रोबॅटमध्ये होतं, पण त्याला लेव्हल वाढवून भागत नाही, कुठला दगडही चालत नाही. मालकाशी जिव्हाळा खूप वाढला तरच ते होतं. ड्रॅगनवाल्या लान्सने त्याला प्रेम आणि विश्वासावरून टोकलेलं असतं, आणि तो त्यावर चरफडत असतो. सुधारल्याची कबुली तो कधी मोकळेपणाने देत नाही. मग गेमच्या शेवटी शेवटी, एका लढाईत, तो चेंडू फेकतो आणि त्यातून क्रोबॅट बाहेर येतो. ज्याला नियम ठाऊक आहे, त्याला त्या क्षणी सगळं कळतं. पश्चात्तापाचं लांबलचक भाषण लिहिणं सोपं होतं. लेखकांनी ते खेळणाऱ्याच्या नियमज्ञानावर सोडलं.

हीच रीत मालिकेने पुढेही वापरली. २०१९च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये हॉप हा चॅम्पियनचा धाकटा भाऊ. भावाच्या नावाला तू काळिमा लावतोस, असं बीड नावाचा मुलगा त्याला हरवून सुनावतो, आणि हॉप टीम उलटीपालटी करत सुटतो. लहानपणापासून सोबत असलेल्या मेंढीलाही काही काळ बाजूला ठेवतो. ती मेंढी पुन्हा टीममध्ये दिसते तेव्हा समजायचं, पोराचं डोकं ठिकाणावर आलं. २०१०च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मधला एन दर भेटीत वेगळेच प्राणी घेऊन लढतो, त्या त्या भागातले. प्राण्यांना माणसाने बाळगूच नये असं मानणारा तो तरुण कुणालाही कायमचं धरून ठेवत नाही. आणि २०२२च्या गेममधली नेमोना तर आधीच चॅम्पियन आहे. तिला कुणाला हरवायचं नाही, तिला बरोबरीचं कुणीतरी हवं आहे. जिंकून जिंकून एकटी पडलेली मुलगी तुम्हाला स्वतःच शिकवून तयार करते, म्हणजे एकदा तरी कुणीतरी तिला मनापासून लढायला लावेल.

‘पर्सोना ५’ ही जपानी गेम २०१६ साली आली, आणि त्यातला गोरो आकेची हा साम्यातून उगवलेल्या वैराचा नमुना आहे. नायक शाळकरी मुलगा आहे. रस्त्यात एका बाईला त्रास देणाऱ्या दारुड्याला अडवल्याबद्दल त्याच्यावरच खोटा खटला भरला जातो आणि गुन्हेगाराचा शिक्का घेऊन तो टोकियोत येतो. तो दारुडा म्हणजे शिदो, पंतप्रधानपदाकडे निघालेला राजकारणी. आकेची हा याच शिदोचा अनौरस मुलगा. आई गेलेली, बालपण परक्यांच्या दारी. लोकांसमोर तो हसतमुख, हुशार किशोर-गुप्तहेर आहे, टीव्हीवर झळकतो. आतून तो बापाचे काळे धंदे निस्तरतो, खूनही करतो. बापाच्या पुढे पुढे करत त्याला शिखरावर पोचवायचं आणि मग मी तुझाच मुलगा आहे असं सांगून खाली खेचायचं, हा त्याचा बेत.

एकाच माणसाने दोन्ही मुलांची आयुष्यं विस्कटली. फरक पडला तो पुढे कोण भेटलं यामुळे. नायकाला कॉफीच्या दुकानाच्या माळ्यावरची अडगळीची खोली मिळाली, पण खाली करी करून वाढणारा माणूस होता, आणि त्याच्यासारखेच डावलले गेलेले मित्र मिळाले. आकेचीला नाव, कीर्ती, टाळ्या मिळाल्या आणि माणूस एकही मिळाला नाही. तो नायकावर जळतो ते याच गोष्टीवरून. त्याचं दुखणं सूडापेक्षा जुनं आहे: आपण कुणाला तरी हवं असावं, हे. बापाची मान्यता मिळवणं आणि बापाला संपवणं या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या राहिलेल्याच नाहीत, आणि म्हणूनच बाप त्याला सहज वापरून घेतो.

या गेममध्ये सर्वात जास्त टंचाई असते ती संध्याकाळींची. शाळा सुटल्यावरची वेळ अभ्यासाला द्यायची, कामाला द्यायची की एखाद्या माणसाला, हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. मूळ आवृत्तीत आकेचीशी नातं कथेसोबत आपोआप पुढे सरकतं. २०१९ साली आलेल्या ‘पर्सोना ५ रॉयल’मध्ये निर्मात्यांनी ते बदललं. आता त्याच्यासोबत बिलियर्ड्स खेळायला, जॅझ ऐकायला तुम्हाला आपली संध्याकाळ खर्च करावी लागते. दुसऱ्या कुणाची तरी संध्याकाळ कापून याला द्यावी लागते. पुढे तो हातमोजा फेकून आव्हान देतो, तुझा द्वेष वाटतो हे तोंडावर सांगतो, तेव्हा ते लागतं, कारण वेळ तुम्ही घातलेला असतो. एक साधा नियम बदलला आणि पात्राचं वजन बदललं.

प्रतिस्पर्धी लिहून ठेवण्याऐवजी तो खेळातून आपोआप घडेल का, हाही प्रयोग झाला. मोनोलिथ कंपनीच्या २०१४मधल्या ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’मध्ये टॅलियन हा नायक मरू शकत नाही. मारला गेला तरी परत येतो. त्याला मारणाऱ्या फुटकळ ओर्क सैनिकाला बढती मिळते, नाव मिळतं, आणि पुढच्या भेटीत तो तुम्हाला ओळखून त्या जुन्या हत्येची आठवण काढतो. तुम्ही त्याला जाळून सोडलं असेल तर भाजलेल्या तोंडाने परत येतो. या रचनेला त्यांनी ‘नेमेसिस’ म्हटलं. तिचं पेटंट वॉर्नर ब्रदर्सला फेब्रुवारी २०२१मध्ये मिळालं, म्हणून इतर कंपन्या तिच्या फार जवळ जायला धजल्या नाहीत, असं अनेकांना वाटतं. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये मोनोलिथ बंद करण्यात आली. एवढी मोठी कल्पना कुलपात राहिली याचं वाईट वाटतं. तरी तिची मर्यादाही दिसते. त्या ओर्कांना आठवण आहे, पण इच्छा नाही. ते डूख धरतात, परंतु तुम्ही भेटला नसतात तर त्यांना आयुष्यात काय हवं होतं, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

ते उत्तर ज्या गेमने सर्वात निर्दयपणे दिलं, ती म्हणजे ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’. नॉटी डॉग कंपनीने ती १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ वर आणली. नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस यांचं लेखन.

आधी २०१३च्या पहिल्या भागाचा शेवट आठवावा लागेल. बुरशीच्या रोगाने जग उद्ध्वस्त झालेलं आहे. एली नावाच्या मुलीला त्या रोगाची बाधा होत नाही. जोएल हा रांगडा, मुलगी गमावलेला माणूस तिला देश ओलांडून सॉल्ट लेक सिटीतल्या एका इस्पितळात पोचवतो. तिथे कळतं की लस बनवायची तर तिचा मेंदू काढावा लागेल, म्हणजे ती मरणार. जोएल बंदूक उचलतो. कंट्रोलर आपल्या हातात असतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत एक सर्जन हातात छोटी सुरी धरून आडवा येतो. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. खोलीतल्या दोन सहायकांना सोडून देता येतं, त्याला नाही. सगळ्यांनीच बटण दाबलं आणि एलीला उचलून पळाले. सर्जनला नाव नव्हतं. आपल्याला त्याची गरजही वाटली नव्हती.

सात वर्षांनी त्याला नाव मिळालं, जेरी. आणि एक मुलगी, ॲबी. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या काही तासांतच ती जोएलला गोल्फच्या काठीने ठार करते, एलीच्या डोळ्यांदेखत. मग एली सूडासाठी सिॲटलला निघते आणि आपण तिच्यासोबत ॲबीच्या मित्रांना एकेक करून संपवत जातो. मध्येच, ॲबी आणि एली समोरासमोर येतात त्या क्षणी गेम थांबते, घड्याळ तीन दिवस मागे जातं आणि कंट्रोलरमधून आपण चालवत असतो ती ॲबी असते. काही तास नव्हे, जवळपास अर्धी गेम.

कितीतरी खेळाडूंना हे सहन झालं नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि तिने त्या जुलै २०२०मध्ये जाहीरपणे दाखवल्या. माणसाचं मन इथे काय करतं हे समजून घेण्यासारखं आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एका चुकीला नाव दिलं, मूलभूत आरोपण-दोष. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो आणि परिस्थितीचा जोर विसरतो. स्वतःच्या बाबतीत परिस्थिती मात्र बरोबर दिसते. जोएलने सर्जनला मारलं तेव्हा आपल्याला कारण माहीत होतं. ॲबीने जोएलला मारलं तेव्हा आपल्याला फक्त ॲबी दिसली.

रॉय बॉमायस्टर, आर्लीन स्टिलवेल आणि सारा वॉटमन यांचं १९९० सालचं संशोधन तर जणू याच गेमबद्दल आहे. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यातल्या दोन घटना लिहायला सांगितल्या: एक, जिथे कुणी तुम्हाला राग आणला, आणि दुसरी, जिथे तुम्ही कुणाला राग आणला. माणूस तोच, पण गोष्टीची घडण बदलली. दुसऱ्याला दुखावल्याची गोष्ट लिहिताना लोक कारणं सांगत, तो प्रकार एकदाच घडला, आता मिटला असं म्हणत. आपण दुखावलो ती गोष्ट लिहिताना समोरच्याचं वागणं अनाकलनीय वाटे, तो प्रकार जुन्या मालिकेतला एक असे आणि त्याचे परिणाम आजही चालू असत. आपल्यासाठी तो सर्जन २०१३ सालीच मिटला होता. ॲबीसाठी तो रोज रात्री मरत होता.

तिचं मन गेम कसं उघडते ते पाहा. तिचा देह एलीच्या दुप्पट वाटावा असा दणकट आहे. तिने वर्षानुवर्षं व्यायाम करून तो एका कामासाठी घडवला आहे. जोएलला मारल्यावर त्या देहाला करायला काही उरलेलं नाही, आणि तिला झोपही लागत नाही. स्वप्नात ती इस्पितळाच्या त्याच बोळातून चालत जाते, तेच दार उघडते, आत बाप मेलेला असतो. सूड पूर्ण झाल्यावरही स्वप्न बदलत नाही. मग ती शत्रूच्या जमातीतल्या यारा आणि लेव्ह या दोन मुलांना सोडून येते, आणि त्या रात्री दारामागे ती दोघं फासावर दिसतात. ती परत जाते, त्यांना वाचवायला जीव धोक्यात घालते. त्यानंतर कधीतरी दार उघडतं तेव्हा बाप जिवंत असतो आणि तिच्याकडे पाहून हसतो. एली जिथे कार्डं गोळा करते तिथे ॲबी जुनी नाणी उचलते, कारण ते बापाचं वेड होतं. तिला उंचीची भीती आहे. खाली पाहिलंत की पडदा गरगरल्यासारखा होतो, तिचा श्वास चढतो, आणि ती भीती आपल्या बोटांपर्यंत पोचते.

सर्वात बोचरा तपशील एका जुन्या आठवणीत आहे. एलीला मारून लस करावी का, या विचाराने जेरी डळमळलेला असताना ॲबी त्याला धीर देते: तिच्या जागी मी असते तर मला तुम्ही शस्त्रक्रिया केलेलीच आवडली असती. बाप त्या खोलीत उभा राहिला त्यात या शब्दांचाही वाटा होता. तिच्या सूडामध्ये दुःख आहे, राग आहे, आणि कुठेतरी स्वतःवरचा आरोपही आहे, असं मला वाटतं. गेम हे बोलून दाखवत नाही, हे तिचं शहाणपण.

मराठी वाचकाला दुसऱ्या बाजूने गोष्ट ऐकण्याची सवय आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, आणि अर्जुनाचा प्रतिस्पर्धी घरोघरी आपला माणूस झाला. कर्ण स्वतः बोलला, कुंती बोलली, दुर्योधनही बोलला. पण ती कादंबरी वाचताना आपण ऐकणारे असतो. कुरुक्षेत्रावर रथाचं चाक रुतलेलं असताना बाण सोडणारा हात आपला नसतो. ‘पार्ट टू’मध्ये तो आपला असतो. ॲलिस नावाची कुत्री आहे. एली म्हणून खेळताना ती अंगावर येते आणि आपण तिला भोसकून मारतो. काही तासांनी, तीन दिवस मागे जाऊन, ॲबी म्हणून आपण त्याच ॲलिसला सोबत घेऊन गस्तीवर जातो. क्रम उलटा असता तर ती फक्त एक करुण घटना झाली असती. या क्रमाने आपली कृती आपल्याकडे परत येते.

मग नाट्यगृहातली लढाई. आता ॲबी आपण आहोत आणि समोर एली. तिला आपणच शिकवलेले डाव ती आपल्यावर टाकते: अंधारात लपणं, सापळे पेरणं, मागून झडप घालणं. इतके तास जिच्या कातडीत वावरलो ती बाहेरून कशी दिसते, ते पहिल्यांदा कळतं. शेवटी, पुन्हा एली म्हणून खेळताना, सांता बार्बराच्या किनाऱ्यावर खांबाला बांधून ठेवलेली, हाडांचा सापळा झालेली ॲबी भेटते, तेव्हा तिला लढायचंच नसतं. लेव्हच्या गळ्याला सुरी लावून एली तिला लढायला भाग पाडते. पाण्यात तिचं डोकं दाबण्यासाठी गेम आपल्याला बटण दाबायला लावते. एली मग सोडून देते.

या गेमवर माझा आक्षेपही आहे. ॲबीबद्दल जिव्हाळा वाटावा म्हणून काही ठिकाणी फार जोर लावला आहे. तिचे मित्र गुणी, लेव्ह निष्पाप, बाप तर तारेत अडकलेल्या झेब्राला सोडवणारा. आपल्याला रडायला लावायचं आधीच ठरलं आहे हे जाणवतं, आणि समजूतदार खेळणारा तिथे मागे सरकतो. आकेची मला त्या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतो. तो गोड होत नाही, खून केले ते केलेच, ‘रॉयल’च्या शेवटीही कुणाच्या तालावर नाचून मिळणारं सुख तो नाकारतो आणि सत्य पत्करतो. तरीही धाडसाच्या बाबतीत ‘पार्ट टू’ला तोड नाही. ज्याला आपण हरवलं त्याच्या घरी कोण होतं, हा प्रश्न तिने आपल्याच बोटांना विचारला. पहिल्या तीन दिवसांत तिच्या ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. म्हणजे एवढ्या लोकांना तो प्रश्न एकाच वेळी पडला.

आपल्याकडेही कथाप्रधान गेम बनू लागल्या आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणली. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी आणि समोर महाबलासुर, अशी ती देखणी गोष्ट आहे. महाबलासुर मात्र खलनायक आहे, प्रतिस्पर्धी नव्हे. पुण्यामुंबईत बसून पुढची गेम लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, असुर पुष्कळ झाले. ज्या मातीत कर्ण समजून घेतला गेला तिथून एक असा प्रतिस्पर्धी येऊ द्या, ज्याचं घर आम्ही पहिल्याच लेव्हलला नकळत मोडलेलं असेल, आणि त्याला जे हवं आहे तेच आम्हालाही हवं असेल.